सभासदांचे मुखपत्र आणि त्याचे टीकाकार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांच्या मनात महागाई, कंत्राटी पद्धत किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी काहीतरी असावे. आम्ही विषय सांगितला तो एका हौशी मंडळींच्या संस्थेच्या मुखपत्राचा. चालक सभ्य आहेत, ते काही बोलले नाहीत. परंतु समोर बसलेल्या आमच्या कारखान्यांतल्या दोनतीन मित्रांच्या चेहऱ्यांवर आम्हांला स्पष्ट दिसते आहे की, भाऊंना यंदा ऊन बाधले असावे. नागपूरचा वसंत हा पंचांगापुरताच वसंत, अंगाला तो ग्रीष्मच लागतो. तेव्हा त्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. तरी थोडा वेळ ऐकून घ्यावे. या विषयाशी आमचे स्वतःचे एक जुने देणे गुंतलेले आहे. ते शेवटी सांगू.

मुखपत्र म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायला नको. विदर्भ साहित्य संघ 1923 साली स्थापन झाला आणि त्याचे मुखपत्र ‘युगवाणी’ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आलेले आहे. बाजारातले मासिक आणि मुखपत्र यांत एक फरक असतो. बाजारातले मासिक आपण निवडून विकत घेतो, पसंत नसले तर पुढच्या महिन्यात घेत नाही. मुखपत्र वर्गणी भरली म्हणून घरी येते. त्यामुळे त्याच्या वाचकाची स्थिती मोठी विलक्षण होते. तो गिऱ्हाईकही असतो आणि मालकही असतो. पण गिऱ्हाईकाचा रुबाब त्याला नाही आणि मालकाचा हुकूम चालत नाही. मग तो कुरकुरतो. अंक वेळेवर येत नाही. आला तर वाचवत नाही. वाचला तर त्यात तीच ती चार नावे. संपादक म्हणतात, तुम्ही लिहा ना! तो लिहितो, तेव्हा संपादक म्हणतात, जागा नाही. कोणत्याही गावातल्या कोणत्याही संस्थेत जा, भजनी मंडळापासून बुद्धिबळ मंडळापर्यंत, हे संभाषण तुम्हांला ऐकू येईल.

या कुरकुरीचे काय करायचे, हाच आजचा प्रश्न आहे. त्यासाठी आम्ही जे उदाहरण घेतले आहे ते मुंबईचे आहे, पण त्याची मुळे आपल्या जुन्या मध्यप्रांतापर्यंत पोचतात.

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले. पशुपक्षी, साप, फुलपाखरे, झाडे यांचा त्यांना नाद होता. आपापल्या जवळचे नमुने एकमेकांना दाखवावेत, काय पाहिले ते सांगावे, एवढाच त्यांचा हेतू. तीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांपैकी दोघे मराठी होते: प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाईंचा खटला आपण वाचला असेल. त्या रखमाबाईंचे सावत्र वडील ते हेच सखाराम अर्जुन. बाकीच्यांत कोणी डॉक्टर, कोणी लष्करातला. ई. एच. एटकन हे तर मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातले अधिकारी. पक्षिशास्त्राची पदवी घेतलेला त्यांत कोणी नव्हता. सारा मामला हौसेचा.

फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीतली जागा संस्थेला दिली. तिथे 1894 पासून कारवारहून आलेला एक महाधनेश पक्षी पाळलेला होता. विल्यम त्याचे नाव. तो 1920 पर्यंत जगला. संस्थेचे चिटणीस आले आणि गेले, विल्यम सव्वीस वर्षे जागेवर होता. आमच्या संघटनेत असा स्थिर कार्यकर्ता आम्हांला एकही लाभला नाही. असो.

संस्थेचे जर्नल जानेवारी 1886 मध्ये निघाले. संपादक दोन: एक हे एटकन आणि दुसरे रॉबर्ट स्टर्नडेल. स्टर्नडेल आपल्या शेजारचे. नागपूर ही ज्या मध्यप्रांताची राजधानी होती, त्याच्या सिवनी जिल्ह्यात त्यांनी नोकरीची वर्षे घालवली आणि सातपुड्यातल्या त्या मुक्कामांवर 1877 साली पुस्तक लिहिले. किपलिंगने पुढे मोगलीच्या गोष्टी सिवनीच्या रानात घातल्या, त्या या पुस्तकाच्या आधाराने, असे मानतात. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की दोनअडीच तासांत सिवनी येते. त्या रानात हिंडलेला माणूस मुंबईत जाऊन सभासदांच्या मुखपत्राचा पहिला जोडसंपादक झाला, याचे आम्हांला उगाचच बरे वाटते.

आता हे जर्नल निघाले तेव्हा हिंदुस्थानात पक्ष्यांवरचे मासिक नव्हतेच असे समजू नका. होते, आणि मोठे तेजस्वी होते. ते काढणारा माणूस आपल्याला दुसऱ्याच कारणाने माहीत आहे: ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. 1885 साली काँग्रेस स्थापन झाली, तिच्या जनकांपैकी एक. या ह्यूमसाहेबांना पक्ष्यांचे असे वेड होते की, त्यांनी देशभर संग्राहक जोडले, सिमल्याच्या आपल्या घरात पक्ष्यांची हजारो कातडी जमवली आणि 1872 साली स्वतःच्या हिमतीवर ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. संपादक तेच, मालक तेच, मुख्य लेखकही बहुतेक वेळा तेच. लेखणी अशी जहाल की, विलायतेत बसून कातड्यांवरून पक्ष्यांची नावे ठेवणाऱ्या खुर्चीतल्या पंडितांना त्यांनी छापून फटकारले. वाचकांना ते आवडतही असे. कोण मोठ्याची खरडपट्टी काढतो आहे, हे बघायला कोणाला आवडत नाही?

परंतु या मासिकाला एक दुखणे होते. ते एका माणसाच्या अंगावर उभे होते. 1880 नंतरच्या काळात ह्यूम यांच्या पक्ष्यांवरील ग्रंथाची हस्तलिखिते एका नोकराने रद्दी म्हणून विकून टाकली. वर्षानुवर्षांचे काम बाजारात पुड्या बांधायला गेले. ह्यूम यांचे मन त्या विषयावरून उडाले. सुमारे 80,000 नमुन्यांचा संग्रह त्यांनी 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि ते राजकारणाकडे वळले. एका माणसाचे मन उडाले आणि ‘स्ट्रे फेदर्स’ विझत गेले. नेमके त्याच सुमारास, 1886 ला, मुंबईच्या हौशी सभासदांचे जर्नल सुरू झाले आणि ते आजही निघते. तेजस्वी मासिक गेले, वर्गणीवरचे राहिले. आमच्या मित्रांना आता आम्ही या विषयाकडे का वळलो याचा थोडा वास लागला असेल.

पण नुसते टिकणे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. सहकारी पतपेढीचा वार्षिक अहवालही टिकतो, त्याला कोणी वाचत नाही. या जर्नलचे जे आम्हांला मोलाचे वाटते ते त्याच्या मागच्या पानांत आहे. पुढे विद्वानांचे दीर्घ लेख असत. मागे ‘किरकोळ टिपणे’ असत. जंगलखात्याचा अधिकारी, चहामळ्याचा व्यवस्थापक, रेल्वेचा इंजिनिअर, कोणीही सभासद आपण काय पाहिले ते दहापंधरा ओळींत लिहून पाठवी. त्यांत शिकारीच्या गप्पाही पुष्कळ असत, आणि त्या वाचताना आज अंगावर काटा येतो. पण त्याच पानांवर पुढच्या पानांतल्या लेखांना हरकतही घेता येई. ती कशी, याची एक गोष्ट सांगतो.

1929 साल. ह्यू व्हिस्लर हे त्या काळचे भारतीय पक्ष्यांवरचे मोठे अधिकारी. पंजाबच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे पक्ष्यांवरचे सुटसुटीत पुस्तक वर्षभरापूर्वीच निघालेले आणि नावाजलेले. जर्नलमध्ये त्यांची भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासावर लेखमाला चालू होती. तीत ओघात त्यांनी भृंगराजाच्या शेपटीबद्दल एक वाक्य लिहिले. भृंगराज म्हणजे आपल्या कोतवालाच्या जातीचा, दोन लांब तारा मागे सोडत उडणारा काळा पक्षी. नवेगावच्या किंवा मेळघाटच्या रानात ज्यांनी पाहिला आहे ते तो विसरणार नाहीत. त्या तारांच्या टोकाला पिसाची छोटी पाती असते. व्हिस्लरनी लिहिले की, त्या पिसाला आतल्या अंगाची पाती नसते. जुन्या ग्रंथांतही असेच लिहिलेले होते.

एका सभासदाने जर्नलला दोन पानांचे टिपण पाठवले की, हे चूक आहे. पिसाच्या दांडीला टोकाजवळ पीळ असतो. त्या पिळामुळे आतले अंग बाहेर आल्यासारखे दिसते. ग्रंथकारांनी एकमेकांचे वाचून लिहिले, पीस हातात फिरवून पाहिले नाही.

हा सभासद तिशीतला होता. विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून त्याने नोकरी केलेली होती. त्याचे नाव सलीम अली. आज हे नाव ऐकताच आपण मान डोलावतो. 1929 साली मान डोलावण्यासारखे त्यात काही नव्हते. एका अपरिचित हिंदी माणसाने सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या इंग्रज तज्ज्ञाची चूक काढली होती, आणि ती त्याच मासिकात, जिथे त्या तज्ज्ञाची लेखमाला चालू होती.

जर्नलचे संपादक तेव्हा एस. एच. प्रेटर आणि सर रेजिनाल्ड स्पेन्स होते. प्रेटर हे पुढे आपल्या घटना समितीचेही सदस्य झाले. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते याचा प्रामाणिक विचार करा. मोठा लेखक दुखावला तर लेखमाला थांबेल. टिपण पाठवणारा कोण? त्याने न छापल्याबद्दल तक्रार केली तरी ऐकणार कोण? ‘जागेअभावी’ हा शब्द संपादकांच्या खिशात कायम तयार असतो. प्रेटर आणि स्पेन्स यांनी टिपण छापले. व्हिस्लर खरेच दुखावले; त्यांनी संपादकांना चढेल सुरात पत्रे लिहिली. पण मग त्यांनी एक केले, जे मोठी माणसे क्वचित करतात. त्यांनी आपल्या संग्रहातली पिसे काढली आणि पुन्हा पाहिली. पीळ होता. त्यांनी चूक कबूल केली आणि त्यानंतर दोघांचा जन्माचा स्नेह जमला. सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, ज्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. तिचे अहवाल याच जर्नलमध्ये आले, आणि त्यांत व्हिस्लर यांची टिपणे आहेत. भृंगराजाच्या एका पिसावरून भांडण झाले नसते तर ही जोडी जमली असती की नाही, कोण जाणे.

इथे टीकाकाराबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर आम्ही टीकाकारांची आरती ओवाळतो आहोत असे होईल. तीस वर्षे सभा चालवून आम्हांला टीकाकारांचा पुरेसा अनुभव आहे. सभेच्या शेवटी उठून ‘तुम्ही सगळे मॅनेजमेंटचे दलाल आहात’ असे म्हणणारा जो असतो, त्याला आम्ही टीकाकार मानत नाही. त्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याने काही म्हटलेलेच नसते. वर्गणी थकवून वर्षातून एकदा येऊन आरडाओरड करणाराही असतो. सलीम अलींच्या टिपणात साहेबाच्या जातीबद्दल, हुद्द्याबद्दल, हेतूबद्दल एक अक्षर नव्हते. एका वाक्याबद्दल हरकत होती आणि पुरावा म्हणून पीस होते. ‘कराराच्या सातव्या कलमात वाढ भत्त्यात दाखवली आहे, मूळ पगारात नाही’ असे जो उभा राहून म्हणतो, त्याच्यापुढे आमची छाती अजूनही धडधडते. त्याला उत्तर द्यावेच लागते.

छापले तर काय होते हे पाहिले. न छापले, नुसते कुजबुजले तर काय होते, याचीही एक गोष्ट याच पक्ष्यांच्या राज्यात आहे, आणि ती आपल्या विदर्भाच्या अधिक जवळची आहे.

1872 च्या डिसेंबरात मध्यप्रांताच्या पूर्व भागात, बसना-फुलझरच्या रानात, म्हणजे आजच्या छत्तीसगढमधल्या महासमुंद जिल्ह्यात, ब्लेविट नावाच्या माणसाने एक लहानसे घुबड मारले. ह्यूमनी त्याचे वर्णन ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये 1873 साली छापले. हा रानपिंगळा. घराजवळच्या झाडावर संध्याकाळी कर्कश भांडणारा पिंगळा आपण जाणतो, त्याचा हा रानातला भाऊबंद, पण वेगळ्या जातीचा. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या अधिकाऱ्याला तो सापडला, आणि 1884 नंतर तो कोणालाच दिसला नाही. एक अपवाद होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने नोंद केली होती की, 1914 मध्ये तापीकाठी गुजरातेत मांडवी येथे आपल्याला तो मिळाला. लष्करी अधिकारी, घरंदाज, सर्व मोठ्यांच्या ओळखीचा. सलीम अलीदेखील 1937 साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहायला गेले होते. त्याच्या संग्रहाबद्दल लंडनच्या संग्रहालयात कुजबूज पुष्कळ होती. 1919 साली त्याला तिथल्या पक्षिकक्षात यायला काही काळ बंदीही झाली होती. पण छापून कोणी स्पष्ट बोलले नाही. माणूस मोठा होता, आणि सभ्य लोक सभ्य माणसावर शंका घेत नाहीत.

माइनर्ट्झहागेन 1967 साली वारला. पुढे तीस वर्षांनी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कातडे बारकाईने तपासले. कातडे शिवण्याची आणि भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक रीत असते. आमच्याकडे फिटरचे काम पाहून फिटर ओळखतात तसेच. ती रीत डेव्हिडसनची निघाली. माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातून डेव्हिडसनचा नमुना चोरला होता, पुन्हा भरला होता आणि त्यावर आपली खोटी चिठ्ठी लावली होती. म्हणजे हरवलेला पक्षी शोधणाऱ्यांच्या नकाशावर इतकी वर्षे एक खोटी खूण पडलेली होती. 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेचे रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध केला तो निष्फळ गेला.

रासमुसेन यांनी खोटी नोंद बाजूला काढली आणि खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवरची गावे तेवढी घेतली. 25 नोव्हेंबर 1997 रोजी त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांना शहादा म्हटले की 1972 ची श्रमिक संघटना आणि अंबरसिंग महाराज आठवतात. तिथल्या आदिवासी शेतमजुरांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी मोर्चे काढले, त्याच मुलखात हे घुबड दिवसाउजेडी झाडावर बसत होते. तिथल्या माणसांनी ते पाहिले नसेल, यावर आमचा विश्वास बसत नाही. फक्त त्यांना विचारायला कोणी गेले नव्हते, आणि त्यांच्या नावाने टिपण पाठवण्याजोगे कोणते मासिक त्यांच्या घरी येत नव्हते. नंतर रानपिंगळा मेळघाटातही सापडला. तिथल्या कोरकूंच्या बाबतीतही आमचे तेच म्हणणे आहे.

यातून जर्नलवरची सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी टीका निघते. ते सभासदांचे खरे, पण कोणत्या सभासदांचे? ते इंग्रजीत निघाले आणि इंग्रजीतच राहिले. संस्थापकांतले डॉ. आत्माराम पांडुरंग हे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे सख्खे भाऊ. पण व्याकरणकाराचा भाऊ असूनही संस्थेचा कागद मराठी झाला नाही. शिवाय पुढेपुढे विज्ञान वाढले, लेख अवघड झाले, आकडे आणि तक्ते वाढले. ज्याने नुसती हौस म्हणून वर्गणी भरली त्याला आपलेच मासिक कळेना. सामान्य सभासदाने काय वाचावे, हा प्रश्न संस्थेपुढे उभा राहिला. संस्थेने तिथे एक व्यवहारी तोड काढली. 1976 मध्ये सर्वसाधारण सभासदांसाठी ‘हॉर्नबिल’ नावाचे वेगळे, सोपे, चित्रांचे मासिक काढले. नाव आमच्या विल्यमच्या जातीचे.

तोड चांगली होती की वाईट, यावर आमचे मत पूर्ण बनलेले नाही. अवघड ते अवघडच राहू द्यावे आणि सोपे वेगळे द्यावे, हे शहाणपणाचे आहे. पण त्यात एक धोका आम्हांला दिसतो. ज्याला सोपे मासिक मिळते, तो अवघड मासिकातल्या चुकीला हरकत घ्यायला जात नाही. सलीम अलींच्या घरी 1929 साली सोपे मासिक आले असते तर भृंगराजाचे वाक्य त्यांच्या नजरेस पडले असते का? भाषेचा प्रश्न तर ‘हॉर्नबिल’नेही सोडवला नाही. मराठीत ते काम दुसऱ्यांनी केले. नागपुरात दीर्घकाळ राहिलेले, 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि 2025 साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली हे जंगलखात्यातले अधिकारी. त्यांनी गोंड, माडिया, ढीवर अशा रानातल्या आणि तळ्याकाठच्या माणसांकडून पक्ष्यांची नावे आणि समजुती गोळा केल्या आणि आपल्या ‘पक्षीकोशा’त ठेवल्या. ज्यांच्या घरी जर्नल आले नाही त्यांची टिपणे अशा वाटेने तरी छापली गेली.

आता आमचे देणे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमची संघटना चार पानांचे पत्रक काढीत असे. संपादक आम्हीच. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही वेतन करार केला. दरमहा 2,000 रुपये वाढ. त्या काळात ती लहान नव्हती. आम्ही पहिल्या पानावर जाड अक्षरांत ‘ऐतिहासिक विजय’ असा मथळा दिला आणि खाली सह्या करतानाचे छायाचित्र छापले, त्यात मधोमध आम्ही.

चार दिवसांनी तिथला एक टर्नर वहीचा फाडलेला कागद घेऊन आला. रेघारेघांचा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मजकूर थोडक्यात असा: वाढ 2,000 ची आहे, पण मूळ पगारात 500 च गेले आहेत, 1,500 हजेरी भत्ता आणि इतर भत्ते म्हणून आहेत. ग्रॅच्युइटी भत्त्यांवर मिळत नाही. सभासदांना हे सांगितले पाहिजे. आम्ही कागद वाचला आणि म्हणालो, करार नुकताच झाला आहे, आत्ता हे छापून मालकाच्या आणि दुसऱ्या संघटनेच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? पुढे बघू. तो जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, वर्गणी आमची, कागद आमचा, मंग आमचं पत्र काहून नाही छापत?” आम्ही म्हणालो, जागा नाही.

जागा नव्हती हे खोटे होते. त्या अंकात आम्ही आमच्या भाषणाचा अर्धा पान वृत्तान्त छापला.

1972 च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यातला हिशेब सोपा होता. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना 26 ने भागायचे, 15 ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. इतर भत्ते धरायचे नाहीत. सव्वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला मूळ पगारात 1,500 कमी पडले म्हणजे निवृत्तीच्या दिवशी 22,500 रुपये कमी पडले. चार वर्षांनी पहिली दहाबारा माणसे निवृत्त झाली, त्यांच्या हातात धनादेश आले आणि ती आमच्या कार्यालयात आली. तोवर पुढचा करारही त्याच साच्यात झालेला होता, कारण साच्याबद्दल कोणी हरकत घेतलेली आमच्या पत्रकात कुठे छापलेली नव्हती. सभासदांना वाटले, सर्वांना मान्य आहे. टर्नरने त्याआधीच सभासदत्व सोडले होते. दुसऱ्या संघटनेतही तो गेला नाही. नुसता घरी बसला, ही गोष्ट आम्हांला अधिक लागली.

सलीम अलींचे आत्मचरित्र आम्ही त्यानंतर किती तरी वर्षांनी, शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. व्हिस्लरच्या पत्रांचा प्रसंग आला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आम्ही व्हिस्लरच्या जागी होतो असे म्हणता येत नाही. त्यांनी पिसे काढून पाहिली. आम्ही प्रेटरच्या खुर्चीत होतो आणि तिथे बसून जे करायचे नाही ते केले.

कागद आमच्या फायलीत राहिला होता. रेघा पुसट झाल्या आहेत, अक्षर वाचता येते. गेल्या महिन्यात संघटनेच्या कार्यकारिणीत आम्ही ठराव मांडला की, हे पत्र जसेच्या तसे, मिळाल्याच्या तारखेसह, पहिल्या पानावर छापावे, जिथे तो मथळा होता तिथे. आणि शेजारी ग्रॅच्युइटीचा हिशेब द्यावा. ठराव मंजूर झाला, पण सहज झाला असे नाही. एक तरुण सहकारी म्हणाला, “भाऊ, इतकी जुनी गोष्ट, आता कोणाला काय?” त्याला आम्ही निवृत्तांची यादी दाखवली.

जुळवणी केलेले पान घेऊन आम्ही वाडीला टर्नरच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, चष्मा लावला आणि पान दोनदा वाचले. पत्राला त्याने हात लावला नाही. शेजारच्या आमच्या हिशेबावर मात्र पेन्सिलीने खूण केली. म्हणाला, त्या करारात भत्त्यांत 1,500 नव्हते, कपडे धुण्याचे 50 वेगळे होते, ते तुम्ही धरलेच नाहीत. आम्ही घरी येऊन करार काढून पाहिला. त्याचे बरोबर होते. तेव्हा आत्ता आपल्याला सांगितलेला 22,500 चा आकडा आपण 23,250 असा दुरुस्त करून घ्यावा. अंक पुढच्या महिन्यात निघेल. खाली नाव छापायचे की नाही, हे त्याने अजून सांगितलेले नाही.